धंद्यातला घडीचा चाकू : त्याची निगा आणि आपली बोटे

फळाच्या गाड्यावर उभ्या असलेल्या कोणाही भाईला विचारा, तराजू केवढ्याला घेतला? तो रुपया-आण्यासह सांगेल. छत्री, क्रेट, बारदान, गाड्याचे भाडे, सारे त्याच्या तोंडपाठ असते. चाकू केवढ्याचा, हे मात्र त्याला आठवत नाही. आणि हा चाकू शेवटचा कधी धुतला, असे विचारले तर तो आपल्याकडे अशा नजरेने पाहतो, जणू आपण त्याच्या घरातली खासगी गोष्ट काढली.

आम्ही हा प्रश्न गेल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांना विचारला. त्याचे कारण आमच्या ओळखीचे एक बागवान गृहस्थ. तीस वर्षांचा त्यांचा फळांचा धंदा आहे. त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी आज वाकत नाही. नोटा मोजताना ते बोट ताठ उभे राहते आणि नवे गिऱ्हाईक ते पाहत राहते.

प्रसंग रमजानमधला आहे. असरनंतर इफ्तारपर्यंतचा जो तास-दीड तास असतो, त्यात फळवाल्याला मान वर करायला फुरसत नसते. कलिंगड, पपई, अननस, सारे कापून हवे असते आणि प्रत्येकाला घरी पोहोचण्याची घाई असते. बागवानसाहेबांच्या हातात लाकडी मुठीचा साधा घडीचा चाकू होता. अननसाचा डोळा काढण्यासाठी त्यांनी टोक आत रुतवले, ते अडकले, म्हणून त्यांनी मूठ जरा पिळली. पाते सरळ बोटावर मिटले. त्यांनी जखमेवर चुना लावला, फडके गुंडाळले आणि मगरिबपर्यंत गिऱ्हाईक केले. दवाखान्यात गेले ते पाचव्या दिवशी. तोवर आत तुटलेली शीर मागे ओढली गेली होती आणि जखमेत पू धरला होता. ऑपरेशन झाले, बोट वाचले, पण पूर्ण वळले नाही. वर्षातला सर्वांत कमाईचा महिना गेला, वर दवाखान्याचा खर्च. चाकू होता चाळीस रुपयांचा.

तो चाकू त्यांनी टाकून दिलेला नाही. आम्ही मागितल्यावर त्यांनी तो गल्ल्याच्या खणातून काढून दाखवला. उजेडात धरून मुठीच्या खाचेत पाहिले तर आत फळाच्या रसाचा वाळून दगड झालेला काळा थर, त्यात बारदानाचे तंतू, आणि पपईची एक बी. बागवानसाहेब म्हणाले, “चाकू दगाबाज निघाला.” आम्हाला तसे वाटत नाही. का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

पाते थांबते कशाच्या जोरावर?

घडीच्या चाकूची रचना दिसायला सोपी असते. मुठीला मधोमध खाच, तिच्या एका टोकाला आडवा खिळा, त्या खिळ्यावर फिरणारे पाते, आणि मुठीच्या पाठीला पोलादाची एक लांब पट्टी. ही पट्टी म्हणजेच स्प्रिंग. पात्याचा जो बुंधा खिळ्याजवळ असतो, तो चौकोनी घडवलेला असतो. पाते पूर्ण उघडले की बुंध्याची सपाट बाजू पट्टीच्या टोकाखाली चपखल बसते आणि पट्टी तिला दाबून धरते. ‘टक्’ असा आवाज येतो तो हाच. साध्या चाकूत पात्याला थोपवणारे दुसरे काहीही नाही. कुलूप नाही, अडणी नाही, केवळ पट्टीचा दाब.

आता बुंधा आणि पट्टी यांच्यामध्ये वाळलेला रस, माती किंवा तंतू साचला तर काय होईल? पाते उघडल्यासारखे दिसेल, पण बुंधा केसभर उचललेला राहील. दोन सपाट बाजू एकमेकींवर पूर्ण टेकणार नाहीत, म्हणजे दाब अर्धामुर्धाच राहील. अशा चाकूने वरून खाली कापत गेलात तर काही बिघडत नाही, कारण कापण्याचा जोर पात्याला उघडण्याच्या दिशेलाच ढकलतो. पण टोक खुपसले, पिळले किंवा अडकलेले पाते पाठीच्या बाजूने उचकटले की जोर उलटा होतो आणि पाते मिटते. मिटण्याच्या वाटेवर चार बोटे असतात. म्हणून चाकूची स्वच्छता हा नीटनेटकेपणाचा प्रश्न नाही, तो सुरक्षेचाच प्रश्न आहे. ‘टक्’ आवाज बसका झाला, किंवा पाते उघडल्यावर डावी-उजवीकडे हलू लागले, की चाकू त्या दिवशी बाजूला ठेवावा.

काही चाकूंना पाते अडवून ठेवण्याची सोय असते. एका प्रकारात पाठीच्या पट्टीला आकडा असतो व तो बुंध्याच्या खाचेत पडतो. मुठीच्या पाठीवर दाबल्याशिवाय पाते मिटत नाही. दुसऱ्यात मुठीच्या आतली पातळ पत्र्याची जीभ बाजूला सरकून बुंध्यामागे उभी राहते. फ्रान्सच्या सॅव्हॉय भागात १८९० पासून बनत असलेल्या ओपिनेल चाकूला १९५५ मध्ये एक फिरते कडे बसवण्यात आले. पाते उघडून कडे फिरवले की झाले. आमच्या मते फळवाल्याला यातली कोणतीही सोय चालेल, पण बिनअडणीचा चाकू टोक खुपसण्याच्या कामाला चालणार नाही. आणि अडणी असली तरी तिच्यातही कचरा साचतो. जीभ पूर्ण सरकली नाही तर ती असून नसल्यासारखी. बागवानसाहेबांच्या शेजारच्या गाड्यावर आम्ही असा एक अडणीचा चाकू पाहिला. मालक मोठ्या अभिमानाने तो उघडून दाखवत होते आणि अडणी अर्ध्यावरच थांबत होती.

रामपूरची आठवण

घडीच्या चाकूचा विषय निघाला आणि रामपूरचे नाव निघाले नाही, असे होत नाही. उत्तर प्रदेशातल्या या जुन्या संस्थानात नवाबांच्या काळापासून चाकू घडवणारे कारागीर राहत आले, त्यांत आपल्या बिरादरीचे लोक मोठ्या संख्येने. नऊ-दहा इंचांचे पाते, पितळी मूठ आणि खटका ही रामपुरीची ओळख. हिंदी सिनेमाने तो गुंडाच्या हाती दिला आणि कारागिराचे हुन्नर बदनाम झाले. १९९० च्या दशकात साडेचार इंचांपेक्षा लांब पात्याच्या चाकूवर तिथल्या सरकारने बंदी घातली आणि धंदा बसत गेला. २०२३ मध्ये रामपुरात एका चौकात सुमारे वीस फुटी चाकू उभारण्यात आला. चौकात चाकू उभा राहिला ही गोष्ट चांगलीच, पण भट्टीपुढे बसणाऱ्या कारागिराला त्याने किती काम मिळते, हा प्रश्न वेगळा आहे.

रामपुरी बहुधा साध्या, म्हणजे कार्बनच्या पोलादाचा असे. न गंजणारे पोलाद पुष्कळ नंतरचे. इंग्लंडमधल्या शेफील्ड या चाकू-सुऱ्यांच्या गावी हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये ते तयार केले. त्यात क्रोमियम मिसळलेले असते, निदान साडेदहा टक्के. हे क्रोमियम हवेतल्या प्राणवायूशी मिळून पात्यावर डोळ्यांना न दिसणारा पातळ पापुद्रा धरते आणि तोच गंज अडवतो. मात्र ‘स्टेनलेस’ म्हणजे कधीच न गंजणारे, असा समज करून घेऊ नये. मीठ, लिंबाचा रस लावून तसेच रात्रभर ठेवलेले किंवा ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवलेले स्टेनलेस पातेही बारीक खड्डे पडून खराब होते. कोकणातल्या किनाऱ्यावर आणि मुंबईच्या पावसाळ्यात याचा अनुभव कोणीही घेऊ शकतो.

साधे पोलाद लवकर गंजते हे खरे, पण त्याला धार झटकन येते. ते निळसर-करडे पडते, ते मात्र गंजणे नव्हे. फळांच्या आंबट रसाने येणारा तो काळपट थर पात्याला काही अंशी जपतो. घरातल्या मंडळींना तो मळ वाटतो आणि त्या विटेच्या भुकटीने घासून पाते चकचकीत करतात. करू देऊ नये. लाल, पिवळट, बोटाला लागणारा जो असतो तो गंज. तो निघाला पाहिजे. तेल लावून काही तास ठेवावे, मग अगदी बारीक पॉलिश पेपरने किंवा चुलीच्या चाळलेल्या राखेने पात्याच्या लांबीच्या दिशेने घासावे.

चाकू धुवावा कसा

पाते फडक्याला पुसणे म्हणजे चाकू धुणे नव्हे. तेही गाड्यावरचे फडके! ज्याने तराजू पुसला, हात पुसले, फळावरची धूळ झटकली, त्याच फडक्याने पाते पुसले जाते आणि लगेच कलिंगडाची फोड गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवली जाते. कापलेले फळ उन्हात ठेवले की त्यात जंतू किती झपाट्याने वाढतात हे सांगण्याची गरज नाही. साथीच्या दिवसांत नगरपालिका कापलेल्या फळांच्या विक्रीवर प्रथम बंदी घालते, ती काही फळवाल्याशी वैर म्हणून नव्हे. कलिंगडाची तर एक वेगळीच गंमत आहे. त्याची साल जमिनीवर, मातीत वाढलेली असते. सालीवरची माती पाते आपल्याबरोबर गरात घेऊन जाते. म्हणून चाकूच्याही आधी कलिंगड धुवावे.

गाड्यावर चाकू धुण्याची सोय फार लागत नाही. झाकणाच्या डब्यात स्वच्छ पाणी, एक साबणाची वडी आणि वेगळे ठेवलेले धुतलेले फडके. दर तासाला पाते साबणाने धुवून कोरडे करावे. हात पाठीकडून धारेकडे न्यावा, धारेवरून आडवा फिरवू नये, आणि पाते पुसताना फडक्याची जाड घडी पाठीच्या बाजूने धरावी. पुसताना कापून घेणारे, कापताना कापून घेणाऱ्यांइतकेच असतील असा आमचा अंदाज आहे.

खरी धुलाई रात्री घरी गेल्यावर, आणि हंगामात ती रोज हवी. पाते पूर्ण उघडावे. कढत पाण्यात साबण किंवा भांड्याचे द्रावण घालून त्यात चाकू दोन-चार मिनिटे धरावा. वाळलेला रस हा बहुतांशी साखरच असल्याने तो कढत पाण्याने सुटतो. मग जुन्या दात घासण्याच्या ब्रशने खाच आणि खिळ्याभोवतीची जागा घासावी. ब्रश पोहोचत नाही तिथे लाकडी काडीला ओले फडके गुंडाळून फिरवावे. तारेचा ब्रश, दाभण, स्क्रूड्रायव्हर आत घालू नये. त्याने चरे पडतात आणि पुढच्या वेळी कचरा त्या चऱ्यांतच धरतो. नंतर वाहत्या पाण्याखाली पाते सावकाश चार-पाच वेळा मिटवावे, उघडावे. आतून काळे पाणी येईल. ते स्वच्छ येईपर्यंत थांबू नये.

मूठ लाकडाची किंवा शिंगाची असेल तर मात्र चाकू पाण्यात बुडवून ठेवण्याची चूक करू नये. लाकूड फुगते आणि पात्याला आवळते, शिंग उकलते. अशा चाकूचा फक्त पात्याकडचा भाग धुवावा आणि खाच ओल्या काडीने साफ करावी.

धुतलेला चाकू मिटून खिशात टाकणे हे न धुण्यापेक्षा वाईट, कारण आत राहिलेल्या पाण्याने गंज नेमका खिळ्याला आणि पट्टीला धरतो, जिथे तो दिसत नाही. तो झटकून, पुसून, उघडाच सुकू द्यावा. पण घरात मुले असतात. तेव्हा उंच फळीवर, भिंतीकडे धार करून. चामड्याच्या म्यानात ओला चाकू ठेवू नये, आणि पावसाळ्यात तर कोरडाही फार दिवस ठेवू नये. चामडे दमट हवा धरून ठेवते.

तेल कोणते घालावे?

हा प्रश्न आम्ही ज्यांना विचारला त्या प्रत्येकाचे उत्तर वेगळे आले. कोणी गोडेतेल म्हणाले, कोणी खोबरेल, कोणी शिवणयंत्राचे, आणि एका गॅरेजवाल्याने तर गाडीचे जुने काळे ऑइल सांगितले.

गाडीचे ऑइल खाण्याच्या वस्तूजवळ नकोच. शेंगदाण्याचे, करडईचे तेल सुरुवातीला छान वाटते, पण हवा लागून ते काही आठवड्यांत चिकट होते आणि धूळ धरते. जवसाचे तेल तर वॉर्निशसारखे वाळते. खोबरेल त्या मानाने बरे, ते लवकर चिकट होत नाही, मात्र थंडीत थिजते आणि जुने झाले की खवट वास मारते. दर आठवड्याला धुवून पुन्हा घालणार असाल तर खोबरेल चालेल. शिवणयंत्राचे तेल यंत्राच्या दृष्टीने उत्तम, पातळ आणि न चिकटणारे, पण ते खाण्याच्या दर्जाचे असेलच असे नाही. सुतार, वायरमन, बारदान फाडणारा हमाल यांच्या चाकूला ते खुशाल घालावे. फळवाल्याने औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन आणावे. पोट साफ होण्यासाठी जे देतात तेच. एक छोटी बाटली वर्षभर सहज पुरते.

घालायचे किती? एक थेंब. खिळ्याच्या दोन्ही बाजूंना मिळून एक. दहा वेळा पाते उघडमीट करावे आणि बाहेर आलेले तेल पुसून टाकावे. जास्त तेल म्हणजे जास्त कचरा. फवाऱ्याच्या डब्यातले गंज सोडवणारे तेल अडकलेला चाकू मोकळा करायला उपयोगी पडते, परंतु ते लवकर उडून जाते आणि पोटात जाण्याजोगे नाही. ते वापरले तर नंतर साबणाने धुवून साधे तेल घालावे.

मांसाच्या दुकानाविषयी एवढेच की, तिथे घडीचा चाकू वापरूच नये. चरबी आणि रक्त खाचेत शिरले की ते पूर्ण निघणे जवळजवळ अशक्य. आपले कुरेशी बंधू अखंड सुऱ्या वापरतात ते योग्यच आहे. अडचण होते ती घरी, बकरी ईदच्या गडबडीत, जेव्हा कोणीतरी खिशातला चाकू काढून ‘जरा हे सोडवून देतो’ म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच चाकूने मुलांना सफरचंद कापून देतो.

कलम बांधणाऱ्याचा चाकू वेगळा

रत्नागिरी, रायगडकडे आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे आंब्याच्या बागा आणि रोपवाटिका सांभाळतात. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झाले. कोय कलमाची पद्धत आज कोकणातल्या रोपवाटिकांत सर्रास वापरली जाते. या कामाचा घडीचा चाकू फळवाल्याच्या चाकूसारखा नसतो. त्याला बहुधा एकाच बाजूने उतार दिलेला असतो, दुसरी बाजू सपाट. त्यामुळे काप एका पातळीत, सपाट येतो आणि दोन काड्या एकमेकींना अंतर न ठेवता चिकटतात. न जाणणारा माणूस असा चाकू दोन्ही बाजूंनी पाजवतो आणि चांगला चाकू वाया घालवतो.

आंब्याचा चीक पात्यावर वाळला की पाण्याने हलत नाही. स्पिरिट लावलेल्या फडक्याने तो जागच्या जागी पुसावा. या स्पिरिटचा दुसरा फायदा असा की, एका झाडाचा रोग पात्यावरून दुसऱ्या झाडावर जात नाही. डाळिंबवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. सोलापूर-नाशिककडे तेल्या रोगाने बागाच्या बागा बसल्या. हा जिवाणूंचा रोग असून छाटणीच्या कात्रीवरून, चाकूवरून तो झाडाझाडाला फिरतो. ब्लीचच्या पाण्यात हत्यार बुडवण्याची पद्धतही आहे आणि ती गुणकारी आहे, पण संध्याकाळी हत्यार साध्या पाण्याने धुवून, पुसून, तेल लावले नाही तर आठवड्यात पाते खाल्ले जाते.

गोदामात खोकी फोडणाऱ्यांच्या चाकूला टेपचा गोंद चिकटतो. तो खोबरेल किंवा रॉकेलच्या बोळ्याने निघतो. मग साबण. नखाने खरवडायला जाऊ नये.

धार आणि शिकलगार

बोथट चाकू सुरक्षित, अशी एक समजूत घरोघर आहे. ती बरोबर उलट आहे. धार नसली की माणूस जोर लावतो, आणि जोर लावलेला हात निसटला की कुठे जाईल ते सांगता येत नाही. पिकलेल्या टोमॅटोच्या सालीवर पाते नुसते टेकवून ओढावे. साल न दबता कापली गेली तर धार आहे. घसरले तर पाजवण्याची वेळ झाली. अंगठ्याने धार पाहू नये.

घरी पाजवण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी कार्बोरंडमची दुहेरी सहाण पुरते, एक बाजू खरखरीत, दुसरी बारीक. कोन साधारण वीस अंशांचा हवा. तो मोजायचा कसा? कोऱ्या कागदाचा काटकोनी कोपरा बरोबर मधोमध दुमडा, पुन्हा एकदा तसाच दुमडा. जो कोन उरेल तो साडेबावीस अंशांचा. त्यापेक्षा किंचित कमी धरून पाते सहाणेवर ठेवावे. सहाण ओली करावी आणि खाली ओले फडके घालावे, म्हणजे ती सरकत नाही. एका बाजूने घासत राहिल्यावर दुसऱ्या बाजूला धारेची अतिबारीक कड वळलेली बोटाच्या पेराला जाणवते. मग बाजू बदलायची. शेवटी बारीक बाजूवर हलक्या हाताने दोन्हीकडून चार-चार हात, आणि जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर उलट दिशेने ओढून ती कड काढून टाकायची. बिनअडणीचा चाकू पाजवताना टोकावर दाब देऊ नये, तो तिथेही मिटतो. पाजवून झाल्यावर चाकू अवश्य धुवावा. सहाणेची भुकटी खिळ्यात गेली तर ती तिथे सहाणेचेच काम करते आणि पाते सैल होते.

ज्याला हे जमत नाही त्याने शिकलगाराकडे जावे. शिकलगार हा शब्द अरबी ‘सैकल’, म्हणजे झिलई, आणि फारसी ‘गर’, म्हणजे करणारा, यांवरून आला. एके काळी तलवारींना चमक आणि धार देणारी ही बिरादरी आज कात्र्या, सुऱ्या, अडकित्ते पाजवून पोट भरते. बकरी ईदच्या आधी त्यांच्याकडे रांग लागते आणि एरवी वर्षभर कोणी विचारत नाही. चांगला शिकलगार कसा ओळखावा, तर चाकाजवळ पाणी ठेवतो की नाही ते पाहावे. कोरड्या, वेगाने फिरणाऱ्या चाकावर पात्याची कड क्षणात तापते. पोलादाला दिलेला कणखरपणा तेवढ्याने उतरतो. धारेवर निळसर झाक आली तर समजावे की तिथे उष्णता तीनशे अंशांच्या आसपास गेली. तो भाग मऊ पडला, आणि त्याची धार यापुढे दोन दिवसही टिकणार नाही. ज्यांच्या हातात कसब आहे ते दर दोन-तीन हातांनी पाते पाण्यात बुडवतात. दहा-वीस रुपये जास्त घेतले तरी त्यांच्याकडेच द्यावे.

कापलेच तर

स्वच्छ पाण्याने जखम धुवावी, धुतलेल्या फडक्याने घट्ट दाबून धरावी, हात छातीच्या वर ठेवावा. चुना, तंबाखू, हळद, कॉफी यांतले काहीही आत भरू नये. दहा मिनिटे सतत दाबूनही रक्त थांबले नाही, किंवा बोट वाकत नाही, सरळ होत नाही, टोकाला बधिरपणा वाटतो, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात गेले पाहिजे, मग जखम कितीही लहान दिसो. तुटलेली शीर लवकर जोडली तर पुष्कळदा पूर्ववत काम करते. धनुर्वाताचे इंजेक्शन शेवटचे कधी घेतले ते आठवत नसेल तर ते घ्यावेच. सरकारी दवाखान्यात ते टीडी या नावाने मिळते.

चाकू पडू लागला तर झेलू नये, पाय मागे घ्यावा. दुसऱ्याला देताना मिटून द्यावा. उघड्या चाकूने बोलताना हातवारे करणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांच्यापासून दूर उभे राहावे हे बरे.

खिशात की पेटीत?

आमच्या वाचकांपैकी अनेक तरुणांना हा भाग सर्वांत कामाचा वाटेल. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांप्रमाणे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे परवान्याच्या कक्षेत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय व औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. यावरून कोणी असा अर्थ काढतो की, चार इंचांचा चाकू कुठेही, कधीही न्यावा. तसे नाही. सणासुदीला, निवडणुकीत किंवा गावात तणाव असताना महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात आणि त्यांत चाकू-सुरे बाळगण्यास बंदी असते. अशा दिवशी रात्री अकरा वाजता खिशात चाकू सापडलेल्या तरुणाने ‘मी फळवाला आहे’ म्हटले तरी ते पटवून देण्यात रात्र जाते, आणि कधी कधी त्याहून जास्त.

म्हणून धंद्याचा चाकू धंद्याच्या पेटीत, तराजू आणि वजनांबरोबर असावा. तो मिटलेला, फडक्यात गुंडाळलेला असावा. खटका दाबताच उसळून उघडणारा चाकू धंद्याला लागत नाही, तो घेऊच नये. कोर्टात, मेट्रोत चाकू नेऊ नये. विमानात तो हातातल्या बॅगेत चालत नाही. आखातात कामाला जाणाऱ्या एका वायरमनचा चांगला स्विस चाकू विमानतळावर त्याच्यासमोर डब्यात टाकला गेला, तो केवळ सामानाच्या मोठ्या बॅगेत ठेवायचे विसरल्यामुळे.

बागवानसाहेबांच्या गाड्यावर आता दोन सुऱ्या आहेत, अखंड पात्याच्या, रुंद मुठीच्या. घडीचा चाकू फक्त दोऱ्या तोडायला. रात्री त्यांचा मुलगा तिन्ही धुतो. परवा आम्ही गेलो तेव्हा तो जुना ब्रश घेऊन खाच घासत होता आणि बागवानसाहेब बाजूला बसून, ते ताठ बोट दाखवत, “खिळ्याखाली घास, खिळ्याखाली,” असे त्याला सांगत होते.